माझं नाव काढा

आमच्या घरात पुरुष राहत नाही, हे सरकारला पटवण्यात अव्वाचा एक अख्खा उन्हाळा गेला. अव्वा म्हणजे माझी आई. ती कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीची. घरात आम्ही निम्मं कानडी बोलायचो, त्यामुळे तिला आई म्हणायची सवय मला कधी लागलीच नाही. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका बोळात आमची भाड्याची खोली होती. बाप आम्हाला टाकून गेला तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर अव्वा सकाळी कडक भाकऱ्या थापून दुकानांना द्यायची आणि दुपारनंतर एका मंगल कार्यालयात भांडी घासायची. मी बारावीला असताना कोणीतरी तिला सांगितलं की नवऱ्याने टाकलेल्या बाईला सरकार दरमहा पगार देतं. आमच्याकडे निराधारांच्या मदतीला पगारच म्हणतात. तिने अर्ज केला.

चौकशीला तलाठी आला तो भर दुपारी. खोलीत एकच खुर्ची, ती त्याला दिली. तो बसला नाही. दोरीवरचे कपडे एकेक करून बघत गेला. कॉटवरची चादर उचलून खाली वाकून बघितलं. मोरीत डोकावला, तिथे दाढीचं सामान आहे का बघायला.

"नवरा अधूनमधून येत असेल की."

"न्हाय साहेब."

"सणासुदीला?"

"कवाच न्हाय."

"मग दुसरं कोणी येतं-जातं?"

हे त्याने माझ्याकडे बघत विचारलं. अव्वा खाली मान घालून म्हणाली, "न्हाय." मला त्याच्या हातातली फाईल ओढून बोळात भिरकावावीशी वाटली. मी त्याला पाणी दिलं. ते पिऊन त्याने बाहेर जाऊन घरमालकिणीला तेच प्रश्न पुन्हा विचारले, आणि ती चांगली पाऊण तास बोलत राहिली. आमच्याबद्दल तिला एवढं बोलता येईल असं मला वाटलं नव्हतं.

पगार मंजूर झाला. तो आल्याने काय झालं ते मी सांगते, कारण हे सांगणारी माणसं मला फार कमी भेटली आहेत. अव्वाने कार्यालयातली भांडी सोडली. तिच्या बोटांच्या बेचक्यांमधल्या जखमा भरल्या. दुपारी ती तासभर आडवी पडायला लागली. झोपलेली अव्वा मी तोवर उजेडात बघितलीच नव्हती. मी बी.कॉम.ला नाव घातलं. आमची काही चैन सुरू झाली नव्हती. तूरडाळ जरा जास्त शिजायची, आणि शिक्षकांनी पुस्तक आणायला सांगितलं की मी ते विकत आणू शकायचे. एवढंच.

एवढंही लोकांना बघवलं नाही. घरमालकीण दर वेळी भाडं घेताना म्हणायची, "तुझं बरं आहे बाई, सरकार पोसतंय. अशानेच माणसं आळशी होतात." तिचा नवरा सरकारी नोकरीत होता, तो वारल्यावर निम्मी पेन्शन तिला यायची. ती मात्र हक्काची. दुपारी ती पंख्याखाली झोपायची, ती विश्रांती. अव्वा झोपली की तो आळस. पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, नळावर घागरी लागायच्या, तिथे बायका अव्वाला ऐकू जाईल अशा बेताने बोलायच्या. अव्वा घागर उचलून निघून यायची. मी भांडायला निघाले की हात धरायची. "ऱ्हाऊ दे ग. बोलून बोलून तोंडं दुखतील त्येंची." मला तिचा तो समजूतदारपणा आवडायचा नाही. अजूनही आवडत नाही.

मग तो आला.

माझा बाप तरुणपणी ट्रकवर क्लीनर होता. नंतर विहिरींवरच्या मोटारी आणि केबल चोरायला लागला. पकडला जायचा, सुटायचा, पुन्हा जायचा. दिसायला रुबाबदार, बोलायला गोड. आम्हाला टाकून तो कर्नाटकात कोणा बाईकडे राहायला गेला होता, तिने हाकलल्यावर आणखी कुठे. आम्ही सोलापुरात कुठे राहतो हे त्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण मैंदर्गीच्या बाजारात त्याला माझा मामा भेटला. मामाने त्याला चहा पाजला आणि सांगितलं, आता काय, बहिणीला सरकारी पगार चालू हाय, मजेत हाय. पत्ताही दिला. आपल्या बहिणीला भर रस्त्यात मारणाऱ्या माणसाला मामाने चहा पाजला, याचं मला बापाच्या येण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

मी कॉलेजातून आले तेव्हा तो कॉटवर बसून कडक भाकरी दह्यात कालवून खात होता. अव्वा भिंतीला टेकून उभी. दाराबाहेर मधोमध त्याच्या मोठ्या चामडी चपला.

"वळखलं न्हाय व्हय बापाला? लई मोठी झालीस की."

मी चपला उचलून आत आणायला वाकले, तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे त्या भाईर. दिसू देत लोकांना, नवरा आलाय म्हणून."

मला पहिल्यांदा कळलं नाही. अव्वाला कळलं होतं. तिचा चेहरा बघून मग मलाही कळलं. घरात नवरा दिसला, कोणी कचेरीत सांगितलं, की पगार बंद. तो ते सगळं विचारून आला होता. त्याने अव्वाला शिवीसुद्धा दिली नाही. हसत म्हणाला, "माझ्यामुळंच मिळतोय की तुला पगार. मी गेलो म्हणून. मग माझा वाटा नको?"

तेव्हापासून पगाराच्या दिवशी तो यायचा. अव्वा बँकेत रांगेत, तो समोर रस्त्याच्या पलीकडे टपरीवर. ती बाहेर आली की तो उठायचा, आपला वाटा घ्यायचा आणि जायचा. वाटा म्हणजे आधी निम्मा, मग निम्म्याहून जास्त. एखाद्या वेळी अव्वाने कमी दिला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो येऊन आमच्या पायरीवर बसायचा. काहीही करायचा नाही. बोळातल्या प्रत्येकाला नमस्कार करायचा. "काय काकू, बरं हाय न्हवं? आपल्या घरी आलोय." घरमालकीण वरच्या खिडकीतून बघायची. अव्वा आतून उरलेले पैसे आणून द्यायची.

अव्वा पुन्हा भांडी घासायला लागली. म्हणजे पगार यायच्या आधी होतो तिथेच आम्ही आलो, फक्त आता कचेरीच्या कागदावर आम्ही मदत मिळालेले होतो, आणि नळावरच्या बायकांच्या लेखी चैनीत होतो.

सात रस्त्याजवळच्या चौकीतला एक हवालदार बापाला जुना ओळखत होता. तो मला एकदा स्टेशनरीच्या दुकानात भेटला. म्हणाला, "तुझा बाप हल्ली आमच्याकडे नसतो बरं का. मोटारी-बिटारी सगळं सोडलं त्याने. पोरगी शिकतेय म्हटल्यावर माणूस सुधारतो." तो मनापासून बोलत होता. खरंच होतं ते. त्याने चोरी सोडली होती. रात्रीबेरात्री शेतात शिरून, कुत्री मागे लावून घेऊन मोटार उचलायची कशाला, जर टपरीवर चहा पीत बसलं की बायको स्वतःहून आणून देते? फुकट खाण्याची सवय लागते म्हणतात ती लागलेला माणूस आमच्या घरात एकच होता, आणि त्याचं नाव कुठल्याही यादीत नव्हतं.

मी एस.टी.ने मैंदर्गीला गेले. मामा शेळ्यांना पाला टाकत होता. मी सगळं सांगितलं. तू पत्ता दिलास, आता तू ये आणि त्याला चार माणसांत जाब विचार, म्हटलं. मामा पाला टाकतच राहिला.

"नवरा-बायकोत मी कशाला पडू? आन् पगार काय तुमच्या कष्टाचा हाय का? आला तसा गेला."

मामीने जेवायला वाढलं. मी न जेवता स्टँडवर आले. त्यानंतर आजपर्यंत त्या घरात पाण्याचा घोट घेतलेला नाही.

मग मी अव्वाला न सांगता पोलीस चौकीत गेले. तिथे एक मॅडम होत्या, त्यांनी मला बसवलं, ऐकूनही घेतलं. मला वाटलं, आता होईल काहीतरी. शेवटी त्या म्हणाल्या, "वडील घरी येतात ना? दर महिन्याला? मग तुझी आई परित्यक्ता कशी? मी ही तक्रार लिहून घेतली तर आधी तुझ्या आईवर येईल. सरकारला फसवलं म्हणून. घेऊ लिहून?"

मी उठून आले. रस्त्यावर उन्हात उभी राहून मला हसू आलं. त्याने मारलं असतं तर एक वेळ तक्रार झाली असती. तो फक्त दिसत होता, आणि त्याचं दिसणं हाच आमचा गुन्हा होता.

किती महिने असे गेले असते कोण जाणे. पण त्याला हाव सुटली. एका दुपारी तो एका मित्राला घेऊन आला. दोघं प्यायलेले. मी खोलीत एकटी अभ्यास करत होते. अव्वा भाकऱ्या पोचवायला गेली होती. मित्र कॉटवर माझ्या पुस्तकांवरच बसला. बाप म्हणाला, "ही माझी लेक. शिकलेली हाय. तुझ्या पावण्याला सांग, बघायला या म्हणून. त्येचं वय झालंय, पर शेत चिक्कार हाय." मित्र मला खालून वर बघत होता. "पोरगी काळी हाय," तो म्हणाला, "पर चालंल."

अव्वा दारात कधी येऊन उभी राहिली होती ते मला कळलं नाही. रिकामी टोपली तिने खाली ठेवली.

"साकु," ती कानडीत म्हणाली. म्हणजे पुरे. एरवी ती त्याच्याशी मराठीत बोलायची, कानडी तिच्या माहेरची, ती त्याच्यासाठी वापरायची नाही. मग मराठीत, अगदी शांतपणे, "उद्या सकाळी तुमी माझ्यासंगं कचेरीत चला. तुमची गरज हाय. तितं सगळं व्यवस्थित करून घेऊ."

त्याला वाटलं पगार वाढतोय. दुसऱ्या दिवशी तो दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आला. मला काहीच माहीत नव्हतं. अव्वाने मलाही बरोबर घेतलं. तिने लग्नातली इरकल साडी काढली होती.

तहसील कचेरीत त्या टेबलासमोर नेहमीसारखी गर्दी. म्हाताऱ्या बायका भिंतीला टेकून बसलेल्या, हयातीचा दाखला द्यायला आलेल्या, म्हणजे आपण अजून जिवंत आहोत असं सांगायला. आमचा नंबर आला. कारकुनाने वर न बघता विचारलं, "काय पाहिजे?"

"काही नको," अव्वा म्हणाली. "हे माझे मालक. परत आल्यात. माझं नाव काढा."

कारकुनाने वर बघितलं. शेजारच्या टेबलावरचाही बघायला लागला.

"नाव काढा म्हणजे?"

"पगारातनं काढा. नवरा हाय, तर पगार कशाला?"

"बाई, नाव घालायचा अर्ज असतो. काढायचा अर्ज आजवर कोणी केला नाही आमच्याकडे."

बापाचा चेहरा मी तेव्हा बघितला आणि तो मला अजून आठवतो. आधी त्याला समजलंच नाही. मग एकदम तो पुढे झाला आणि टेबलावर हात आपटून ओरडला, "साहेब, खोटं बोलती ही! मी हिचा नवरा न्हाय! माझा हिचा काय बी संबंध न्हाय!"

भिंतीकडच्या म्हाताऱ्या उठून जवळ आल्या.

"टाकलीय मी हिला!" तो सांगत होता. "कवाच टाकलीय! विचारा कुणाला बी! तिच्या पोटचीला विचारा!"

कारकून माझ्याकडे वळला. "हे तुझे वडील का?"

"व्हय," मी म्हणाले. मी कॉलेजात शुद्ध बोलायला शिकले होते, पण त्या वेळी तोंडातून तेच आलं. "बापच हाय. दर म्हैन्याला येतो. बोळातल्या कुणालाबी विचारा."

बाप माझ्या अंगावर धावून आला. शिपायाने धरलं. त्याला ओढत बाहेर नेताना तो अजून ओरडत होता की आपण नवरा नाही म्हणून. अव्वा टेबलाशी उभी राहून थंडपणे कारकुनाला विचारत होती, अंगठा लावू का सही करू, मला सही येती.

कचेरीबाहेर तिने नळावर तोंड धुतलं. मला म्हणाली, "चल. भाकरीचं पीठ दळायला टाकलंय."

पगार बंद झाला आणि बाप पुन्हा आमच्या पायरीवर कधी बसला नाही. बसून करणार काय? धाक दाखवायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. याला जिंकणं म्हणायचं असेल तर म्हणा. मी कॉलेज सोडून सात रस्त्यावरच्या एका कापड दुकानात लागले आणि उरलेलं शिक्षण बाहेरून केलं. अव्वाची भांडी कायमची झाली. आधी घेतलेले पैसे परत भरा अशी नोटीस येईल या धास्तीत आम्ही वर्ष काढलं. ती आली नाही, पण धास्ती खरी होती.

बोळाला मात्र पुरावा मिळाला. "बघा, म्हटलं नव्हतं? नवरा होताच. फसवून खात होती, पकडली गेली." घरमालकिणीने हे मला तोंडावर ऐकवलं. मी तिला म्हटलं, "अव्वा स्वतः गेली होती नाव काढायला." ती हसली. म्हणाली, "स्वतःहून मिळणारे पैसे कोण सोडतं ग?" तिला खरंच पटत नव्हतं. त्याच महिन्यात आम्ही खोली सोडली.

काही महिन्यांनी बाप केबल चोरताना सापडला. हवालदार मला दुकानात येऊन भेटला, काउंटरवर कापडाचे तागे पसरलेले, गिऱ्हाईक समोर. "काय झालं ग, चांगला सुधारला होता की." मी गिऱ्हाइकाला दुसरा रंग दाखवला. पगार होता तोवर चोरी बंद, पगार गेल्यावर चोरी चालू, असा हिशोब एखादा शहाणा नक्की मांडेल. मांडू दे. त्या हिशोबात अव्वाचे हात कुठे धरायचे ते त्याने मला सांगावं.

तो सुटून आला तेव्हा म्हातारा दिसत होता. एक पाय ओढत होता. हे अलीकडचं, गेल्या उन्हाळ्यातलं. दुकानाच्या पायऱ्यांखाली उभा राहिला, वर यायचं धाडस झालं नाही. मीच खाली गेले, कारण मालक बघत होते.

"मला निराधारात बसवून देतो म्हणतोय एक जण," तो म्हणाला. "वय बसतंय. फकस्त पोरं सांभाळत न्हाईत असं लिहून पायजे. तू दे की लिहून. खरंच हाय न्हवं ते?"

त्याच्या आवाजात लाज नव्हती. काही मागताना माणूस जरा खाली बघतो, तसंही त्याने बघितलं नाही. मी म्हटलं, "संध्याकाळी ये." आणि दुपारी जेवायला घरी गेले तेव्हा अव्वाला सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल. तिने भाकरी तव्यावर उलटली.

"दे लिहून."

"कशाला? त्याने आपलं खाल्लं, आता सरकारचं खाणार?"

"मग कुणाचं खाईल? भूक लागली की कुणाच्या तरी दारात जाणारच ना ते. माझ्या न्हाईतर तुझ्या. त्येला तिकडंच काय ते मिळू दे."

मी लिहून दिलं. मी यांना सांभाळत नाही, आणि सांभाळणार नाही. शेवटचे तीन शब्द कोणी मागितले नव्हते. त्याने कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि "सुखी ऱ्हा" म्हणाला. त्याला मिळाला पगार, असं ऐकते. स्टँडकडे कुठेतरी एका लॉजच्या जिन्याखाली झोपतो.

अव्वाचंही आता वय बसेल. तिचे गुडघे गेलेत, उन्हाळ्यात तव्यापुढे बसली की चक्कर येते. मी तिला म्हणते, माझा दुकानातला पगार धरला तर कदाचित नियमात बसणार नाही, पण विचारायला काय हरकत आहे, पुन्हा अर्ज कर. ती नाही म्हणते. कारण विचारलं की पीठ मळत राहते. मी चिडते, आवाज चढवते, तुझा हक्क आहे म्हणते. शेजारी ऐकतात. ती कानडीत म्हणते, "बेड." म्हणजे नको. मी आत जाऊन दार आपटते, आणि ती बाहेर भाकऱ्या थापत राहते.